कमानी बाजारातली हवा

स्फोट झाला तेव्हा डॉ. उज्ज्वला येमूल प्रयोगशाळेत चहा पीत होती. समोरच्या पडद्यावर सोलापूर शहराचा नकाशा होता आणि त्यावर हिरवे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे रस्त्यातल्या खांबावर बसवलेली एकेक श्वासपेटी. कमानी बाजारातला एक ठिपका लाल झाला आणि त्याच्या शेजारचा विझला. पेटीचा पंखा अडकला असेल असं समजून तिने दुरुस्तीवाल्याचा नंबर शोधायला घेतला, तोच खिडकीच्या काचा थरथरल्या.

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. कमानी बाजार म्हणजे कापडाच्या दुकानांच्या अरुंद गल्ल्या, आणि त्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसे. सकाळीच रेणुकावहिनीचा फोन आला होता. "उजू, बाजारात चाललेय. तुला ड्रेसचं कापड आणू का?" उज्ज्वला म्हणाली होती, नको, आहेत पुष्कळ.

आता तिने वहिनीचा फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग भावाचा फोन आला.

"उजू, रेणुका तुझ्याकडे आलीय का?" व्यंकटेशने विचारलं.

"नाही अण्णा."

"बरं," तो म्हणाला. फोन त्याने ठेवला नाही. त्याच्या मागे यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. मग एकेक माग थांबत गेला आणि आवाज पूर्ण बंद झाला.

स्फोटापेक्षा त्यानंतरच्या आगीने जास्त माणसं नेली. कापडाची दुकानं रात्रभर जळत होती. रुग्णालयात जे आणलं गेलं त्यातल्या पुष्कळांना चेहरा नव्हता, आणि काही घरांना तर ओळख पटवायलाही काही मिळालं नाही. व्यंकटेश रुग्णालयाच्या आवारात एका ओट्यावर बसून राहिला. टॉवेलचा छोटा कारखाना चालवणारा हा माणूस, एरवी एका जागी पाच मिनिटं बसत नसे. त्याला नि रेणुकाला मूल नव्हतं. घरात दोघंच. उज्ज्वला त्याच्याशेजारी जाऊन बसली की तो एकच प्रश्न विचारी.

"ती दुसरीकडे कुठे गेली असेल का?"

काही दिवसांनी तोच प्रश्न विचारणारी आणखी माणसं तिला त्या आवारात ओळखू यायला लागली. त्यांना ना दुःख करता येत होतं, ना वाट बघणं सोडता येत होतं. आणि त्यांचं उत्तर कदाचित आपल्या शीतपेटीत आहे हे उज्ज्वलाला माहीत होतं.

मागच्या मोठ्या तापाच्या साथीनंतर शहराशहरांत श्वासपेट्या बसल्या होत्या. पेटी दिवसभर हवा ओढून घेई, आणि हवेत तरंगणारं जे जे काही असेल ते एका पांढऱ्या गाळणीवर चिकटून बसे. परागकण, बुरशी, जंतू, विषाणू. दर तासाला गाळणी आपोआप बदले. प्रयोगशाळेत त्या कणांमधला डीएनए वाचला की, डॉक्टरकडे पहिला रोगी जायच्या आधीच, कुठल्या पेठेत कुठला आजार डोकं वर काढतोय ते समजे. पण हवेत माणसंही असतात. आपल्या अंगावरून त्वचेचा बारीक कोंडा सतत झडत असतो, डोळ्यांना न दिसणारा, आणि त्याच्या कणाकणात आपला डीएनए असतो. नवी यंत्रं एकेक कण वेगळा करून वाचू शकत. हजारो माणसांच्या गर्दीतून एक माणूस उचलता येई. नियमाप्रमाणे हा भाग न वाचताच पुसून टाकायचा असे.

कमानी बाजारात पेट्या बसवायला व्यापाऱ्यांनी विरोध केला होता. तेव्हा उज्ज्वलाच त्यांच्या बैठकीला गेली होती. "पेटीला रोगजंतू कळतात, माणसं कळत नाहीत," असं तिने त्यांना सांगितलं होतं. माणसं कळू शकत होती, फक्त कळून घ्यायची नाहीत असं ठरलं होतं. हा फरक तिने त्या दिवशी समजावून सांगितला नाही. गरज वाटली नव्हती.

विझलेल्या पेटीतल्या गाळण्या शाबूत मिळाल्या होत्या आणि प्रयोगशाळेच्या शीतपेटीत ठेवल्या होत्या. तिने आरोग्य खात्याची परवानगी मागितली. ती मिळेपर्यंत तिला थांबवेना. वहिनीच्या कंगव्यातला एक केस घेतला आणि स्फोटाच्या आधीच्या तासाची गाळणी यंत्रात घातली.

रेणुका त्या गाळणीवर होती.

अहवालाचा कागद घेऊन ती रुग्णालयात गेली. व्यंकटेशने तो हातात धरला. त्याला त्यातलं काही समजण्यासारखं नव्हतं.

"म्हणजे ती होती तिथे," तो म्हणाला.

"हो अण्णा."

"नक्की?"

"नक्की. यंत्र चुकत नाही."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि ओट्यावरून उठला. दुसऱ्या दिवशी रेणुकाचा फोटो पुढे ठेवून विधी झाले. मग बाकीची कुटुंबं प्रयोगशाळेच्या दारात आली, कुणी कंगवा घेऊन, कुणी दात घासायचा ब्रश. उज्ज्वलाने कुणालाच परत पाठवलं नाही.

तपास पथकाचे प्रमुख देवमारे त्यानंतर आले. बोलायला सौम्य, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"मॅडम, तिथे कोण होतं हे तुम्ही सांगू शकता," ते म्हणाले. "मग कोण असायला नको होतं, हेही सांगता येईल."

तिने दोन दिवस मागून घेतले. व्यापाऱ्यांची ती बैठक तिला आठवत राहिली. पण मेलेल्यांसाठी एकदा नियम मोडल्यावर मारणाऱ्यांसाठी तो कसा पाळायचा, हे तिला स्वतःलाच पटवता येईना. व्यंकटेश तर सरळ म्हणाला, "यात विचार कसला करायचाय?" शिवाय लवकरच तसा आदेशही निघाला. गाळण्यांवरची सगळी मानवी ओळख जपून ठेवायची आणि पोलिसांकडच्या साठ्याशी ताडून बघायची.

दोन माणसं पकडली गेली. पहिला बाहेरगावचा होता. त्याच्या भाड्याच्या खोलीत स्फोटकं सापडली, आणि एका बंदी घातलेल्या संघटनेने त्याचं नाव आपलं म्हणून जाहीरही केलं. दुसरा नळदुर्गचा दस्तगीर मुल्ला. पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्याने तार गुंडाळून भरून देण्याचं त्याचं दुकान होतं. कधीतरी पाण्यासाठीच्या रास्ता रोकोत त्याला अटक झाली होती, म्हणून त्याचा नमुना साठ्यात होता. वायरिंगचं काम येणारा माणूस. आणि तो म्हणत होता की वर्षभरात आपण सोलापुरात पाऊलही टाकलेलं नाही. स्फोटाच्या जागेजवळची गाळणी तर म्हणत होती की तो तिथे होता. त्याचं नाही म्हणणं हाच त्याच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा झाला.

वर्तमानपत्रांनी या पुराव्याला हवेची साक्ष म्हटलं. उज्ज्वलाला इतर राज्यांतून फोन यायला लागले.

एके दिवशी दस्तगीरची बायको झुलेखा प्रयोगशाळेत आली. बाहेरच्या बाकावर ती सकाळपासून बसली होती. उज्ज्वलाने तिला आत बोलावलं.

"मॅडम, त्या दिवशी हे घरीच होते," ती म्हणाली. "दुपारी माझ्या हातचं जेवले. पण मी बायको. माझं कोण ऐकणार?"

"कोर्टात सांगा ना हे."

"सांगितलं. ते म्हणतात, हवा खोटं बोलत नाही." तिने उज्ज्वलाकडे नीट पाहिलं. "बोलत नाही का?"

"मी फक्त गाळणीवर काय आहे ते सांगते. तुमच्या नवऱ्याशी माझं वैर नाही."

"ते ठाऊक हाय. म्हणून तर तुमच्याकडं आले." झुलेखा उठली. "चुकलं असंल तर बघा एकदा. एवढंच."

उज्ज्वलाने तिच्यादेखत नमुना पुन्हा तपासायला लावला. उत्तर तेच आलं.

मार्चमध्ये कमानी बाजार पुन्हा भरायला लागला. जळालेल्या गल्लीत पत्र्याचे गाळे उभे राहिले, पेट्या नव्या बसल्या. आदेश अजून लागू होता, त्यामुळे यंत्र दर आठवड्याला ओळख पटलेल्या माणसांची नावं काढून देई. एका सोमवारी त्या नावांत एक नाव लाल रंगात आलं. मृत म्हणून नोंद असलेली व्यक्ती आढळली, असं यंत्राचं म्हणणं होतं.

रेणुका व्यंकटेश येमूल. कमानी बाजार. शुक्रवार दुपार.

प्रयोगशाळेत नमुन्यांची सरमिसळ झाली असेल, हा तिचा पहिला विचार. तिने सगळ्यांना बाहेर पाठवलं, नवी सामग्री उघडली आणि त्या गाळणीचा उरलेला तुकडा स्वतःच्या हाताने तपासला. रेणुकाच. एखादा चुकार कण नव्हे, कितीतरी कण.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि बाजारात गेली. त्या खांबाखाली उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे चेहरे बघायला लागली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. एखादीची चाल, एखादीचा खांदा, पदर सावरायची लकब. एका बाईच्या मागे ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. त्या बाईने वळून विचारलं, "काय हवंय?"

उज्ज्वला परत खांबापाशी आली. ती तिथल्याच एका पायरीवर बसली. समोर पदपथावर बोहारणींनी जुन्या कपड्यांचे ढीग मांडले होते. घरोघर भांडी देऊन त्या जुने कपडे घेतात, आणि धुऊन-बिऊन इथे विकतात. गिऱ्हाईक आलं की त्यातली एकजण कपडा उचलून दोन्ही हातांनी जोरात झटके, मग उलगडून दाखवी. उन्हाच्या तिरीपेत धूळ उसळे आणि हळूहळू वर चढे. पेटी बरोबर वर होती.

उज्ज्वला उठून त्या ढिगाजवळ गेली. तिने हाताने कपडे बाजूला करायला सुरुवात केली. खाली एक हिरवी इरकल होती, लाल काठाची. पदराजवळ इस्त्रीने भाजल्याचा डाग. तो डाग उज्ज्वलाच्याच हातून पडला होता, आणि रेणुका त्यावरून महिनाभर तिला चिडवत होती.

"घ्या की ताई, नवीच हाय," बोहारीण म्हणाली.

व्यंकटेश कारखान्यात सुताच्या पेट्यांवर बसून जेवत होता. तिने साडी त्याच्यासमोर धरली. त्याने पाहिलं आणि डबा बाजूला सरकवला.

"कपाट उघडलं की तिचा वास यायचा," तो म्हणाला. "मला झोप लागेना. आठवडाभरापूर्वी सगळं देऊन टाकलं. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मी रागवायला नाही आले." ती त्याच्यासमोर बसली. "अण्णा, यंत्राने काल मला सांगितलं की शुक्रवारी वहिनी बाजारात होती."

त्याला समजायला वेळ लागला. तिने सावकाश सांगितलं. कपडा कितीही धुतला तरी शिवणीत, काठात, घडीत अंगाचा कोंडा राहतो. झटकला की हवेत येतो. गाळणीला माणूस आणि माणसाचा कपडा यांतला फरक कळत नाही. कण ताजा की जुना हेही खात्रीने सांगता येत नाही. आपण ते गृहीत धरलं होतं.

"म्हणजे तो मुल्ला," व्यंकटेश म्हणाला.

"त्याच्या घरचे कपडे असेच गेले असतील तर तो खरं बोलतोय."

"असतील तर. नसतील तर?"

"ते बघावं लागेल."

"कशाला?" त्याचा आवाज चढला नाही. "तू बघितलंस की दुसरा पण म्हणेल, माझाही कपडाच होता. दोघं सुटतील. तिला मारणारे सुटतील, आणि त्यांना माझी बहीण सोडवेल."

उज्ज्वला साडीची घडी घालायला लागली. मग त्याने विचारलं, "मग त्या दिवशी तू जे दाखवलंस, तेही असंच असेल का?"

या प्रश्नाची तिला भीती होती. रेणुका दर दिवाळीआधी जुने कपडे बोहारणीला देत असे. त्या वर्षीही दिलेच असणार.

"असू शकेल," ती म्हणाली.

व्यंकटेशच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटलं ते तिला बघवलं नाही. ती आशा होती.

देवमाऱ्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"खोटं बोला असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण हे कुणाला माहीत नाही, त्यामुळे तुम्हाला कुणी विचारणारही नाही. विचारलं तेवढंच सांगायचं, हाही कायदाच आहे."

"आणि दस्तगीर?"

"मॅडम, खोलीत स्फोटकं सापडलेला माणूस आम्हाला तुमच्या गाळणीमुळे सापडला. गाळणी पडली तर त्याचा वकील काय करेल, ठाऊक आहे? मी त्या आगीतून माणसं उचललीत. तो सुटला तर मला काय वाटेल याचा विचार करा."

"खोलीत सापडलं ते सापडलं. ते माझ्या गाळणीवर उभं नाही."

"उभं नसेल तर बरं," देवमारे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. ते थकले होते, आणि त्यामुळेच तिला जास्त अवघड गेलं.

त्याच आठवड्यात ती नळदुर्गला गेली. झुलेखाने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. उज्ज्वलाने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच विचारलं, "घरातले जुने कपडे कुणाला दिले होते का?"

"उन्हाळ्यात दिले. भांडीवालीला." झुलेखा थबकली. "यांचे शर्ट होते. का?"

"त्यांचा वापरलेला, धुतलेला आणखी एखादा शर्ट आहे का?"

तो शर्ट मोहोरबंद पाकिटात आला, दस्तगीरचा वकील आणि पंच यांच्या समोर. भर दुपारी कमानी बाजारात, त्या पेटीखाली, एका बोहारणीने नेहमीसारखा तो दोन-तीनदा झटकला. गाळणी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली, उज्ज्वलाने तिला हात लावला नाही. उत्तर आलं. तुरुंगात असलेला दस्तगीर मुल्ला त्या दुपारी सोलापूरच्या बाजारात होता, असं हवा सांगत होती.

कोर्टात तिने हे सांगितलं तेव्हा दस्तगीर खाली मान घालून उभा होता. तिने त्याला प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिलं. फोटोतल्यापेक्षा तो पुष्कळ बारीक झाला होता. मागच्या बाकांवर मृतांचे नातेवाईक बसले होते. व्यंकटेश त्यांच्यात होता.

मग पहिल्या आरोपीचा वकील उठला.

"डॉक्टर, म्हणजे माझा अशील तिथे होता असंही तुम्ही म्हणू शकत नाही."

"गाळणीवरून नाही म्हणू शकत."

"आणि ज्यांना तुम्ही मृत ठरवलंत? ज्यांचे देह मिळाले नाहीत? ते तरी तिथे होते का?"

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदाराने उत्तर द्यावं."

उज्ज्वलाने मागच्या बाकांकडे पाहिलं. कंगवे आणि ब्रश घेऊन आलेली ती माणसं. तिने त्यांना कागद दिले होते, त्यांनी ते घेऊन आपल्या माणसांचे विधी केले होते, दुवा मागितली होती, फोटोला हार घातले होते.

"गाळणीवरून सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मी तसं सांगायला नको होतं."

एक म्हातारी उठून बाहेर गेली. व्यंकटेश जागेवरून हलला नाही.

दस्तगीरला आधी जामीन मिळाला, पुढे त्याचं नाव खटल्यातून वगळलं गेलं. पहिल्या आरोपीचा खटला खोलीत सापडलेल्या स्फोटकांवर आणि साक्षींवर चालू राहिला; निकालाला वेळ लागणार होता. गाळण्यांचा आदेश स्थगित झाला. उज्ज्वलाचं पद गेलं नाही, पण फोन यायचे थांबले. बाजारातले काही व्यापारी तिच्याशी बोलेनासे झाले. झुलेखाने एकदा फोन केला. आभार मानले नाहीत. दुकानाला गिऱ्हाईक येत नाही, एवढंच म्हणाली, आणि ते ऐकून घेण्यापलीकडे उज्ज्वलाच्या हातात काही नव्हतं.

आणि व्यंकटेश रेणुकाला शोधायला लागला. माग कामगारांवर सोपवून तो फोटो घेऊन फिरायचा. विजापूर, लातूर, पंढरपूरची रुग्णालयं, महिलांचे आश्रम, स्टेशनं. डोक्याला मार लागला असेल, कुणीतरी उचलून नेलं असेल, नाव आठवत नसेल. उज्ज्वला त्याला अडवू शकत नव्हती. अडवायचं कशाच्या जोरावर? म्हणून ती त्याच्याबरोबर जायला लागली.

कलबुर्गीच्या एका आश्रमातून निरोप आला, एक बाई आहे, तेलुगू बोलते, आधीचं काही सांगत नाही, वय जुळतं. रेणुकाही घरात तेलुगूच बोलायची. दोघं सकाळच्या बसने गेले.  व्यंकटेशने दाढी केली होती, नवा शर्ट घातला होता.

ती बाई अंगणात शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली. दुसरीच कुणीतरी होती. तरीही व्यंकटेश तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तेलुगूत विचारलं, "जेवलीस का?" ती हो म्हणाली. मग तिने मूठभर शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले.

बसस्थानकात परतीच्या गाडीला वेळ होता. दोघं बाकावर बसले. व्यंकटेशने ते शेंगदाणे एकेक करून खाल्ले.

"उजू," तो म्हणाला, "यंत्राचं सोड आता. तुला काय वाटतं ते सांग."

ती त्याच्याकडे वळली.

"वहिनी नाही, अण्णा. असती तर एवढे दिवस तुला एकट्याला ठेवलं नसतं तिने. कशीही करून घरी आली असती."

त्याने मान हलवली. "मलाही तसंच वाटतं. पहिल्या दिवसापासून." तो समोरच्या फलाटाकडे बघत राहिला. "रुग्णालयात तू कागद घेऊन आलीस. मी तो घेतला, कारण तू दिलास. पण मला कागद नको होता. माझ्याशेजारी बसून हेच सांगितलं असतंस तर मी तेव्हाच मानलं असतं."

सोलापूरची गाडी लागली. लोक दाराकडे धावले. ती दोघं उठली नाहीत. व्यंकटेशचे खांदे हलायला लागले होते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि उज्ज्वलाने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. वाहकाने एकदा त्यांच्याकडे पाहून हाक दिली. मग घंटी वाजवली आणि गाडी त्यांना न घेता निघाली.